नाक्यावरच्या विहिरीचं पाणी

माझं सासर म्हणजे टोलनाका. सासर म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढे अंगण येतं, तुळस येते. माझ्या डोळ्यांपुढे रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू येतो. पंचवटीची वस्ती मागे पडून दिंडोरीचा रस्ता लागतो, तिथं अगदी शेवटी आमचं घर होतं. पुढच्या ओसरीवर नाका, मागच्या दारी विहीर, अन् मध्ये आम्ही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, त्या नाक्याचा मक्ता घेतलेला होता. वर्षाच्या सुरुवातीला लिलावात बोली बोलायची, सरकारला ठरलेली रक्कम भरायची, आणि मग वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून टोल घ्यायचा. वर उरेल ते आपलं, कमी पडेल तेही आपलंच. बैलगाडीला कमी, टांग्याला थोडा जास्त आणि मोटारीला सगळ्यांत जास्त. बरं, सकाळी एकदा दिला म्हणजे दिवसभर सुटलात, असंही नाही. जितक्या खेपा तितका टोल.

नाक्यावर रोज होणारी भांडणं मला ऐकून ऐकून पाठ झाली होती.

"अहो, सकाळी दिला की!"

"सकाळी गेलात, त्याचा दिलात. आता आलात, त्याचा द्या."

"आमचाच रस्ता अन् आम्हालाच पैसे?"

"मग रस्त्यावरची खडी काय आभाळातनं पडते?"

नाशकातले एक वकील स्वतःच्या मोटारीतून मळ्यावर जायचे. ते बांबूपुढे गाडी उभी करून भाषणच सुरू करीत. वर्षाचा एकदा काय तो कर घ्या, दर खेपेला माणसाला खिशात हात घालायला लावायचं ही शुद्ध अडवणूक आहे, म्हणायचे. मामंजी सगळं शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "वकीलसाहेब, जो महिन्यातून एकदा जातो त्यानं आणि जो दिवसभर रस्ता उखडत फिरतो त्यानं सारखंच द्यायचं? तुम्ही अशिलाकडून वर्षाचं एकदाच घेता, की तारखेतारखेला घेता?" वकील हसत, पैसे देत आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथूनच सुरू करीत.

पुढे काही वर्षांनी सरकारनं खरंच मोटारींवर वर्षाचा कर बसवला आणि आमचा नाका उठला. म्हणजे वकील जिंकले म्हणायचे. पण मी सांगतेय ते त्याच्या आधीचं. तेव्हा मला दोघांचंही पटायचं आणि तोंड मात्र कुणाच्याच बाजूनं उघडता यायचं नाही. कारण त्या रस्त्यानं सगळ्यांत जास्त खेपा करणारी मोटार होती माझ्या सख्ख्या भावाची.

माझं माहेर दिंडोरीच्या अलीकडचं. आमच्या आबांनी मळ्यात दुसरी विहीर खणायची म्हणून पैसा राखून ठेवला होता. दादानं हट्टच धरला, विहीर नको, भाड्यानं उतारू नेणारी सर्व्हिस मोटार घेऊ. आबा आठ-पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत आणि मग एका सकाळी म्हणाले, घे बाबा तुझी मोटार. गाडी आली ती जुनीच. एका बाजूचं दार दोरीनं बांधलेलं, भोंगा मात्र असा खणखणीत की गुरं बिथरायची. तीत माणसं बसत, भाजीची गाठोडी बसत, कोंबड्या बसत, आणि रामकुंडावर अस्थी घेऊन निघालेले लोकही बसत. दादा त्या गाडीला लय जपायचा. आबांची विहीर आपण मोटारीत घातली, ती फुकट जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात असायचं.

माझं लग्न झालं तेव्हा मामंजींनी आपण होऊन सांगितलं, "पाव्हणं, तुमची गाडी आली की बांबू वर. घरच्या गाडीला कसला टोल?"

दादानं हात जोडले. "नको मामा. उद्या माझ्या बहिणीला कुणी म्हणाया नको, तुझा भाऊ आमच्या दारातनं फुकट जातो म्हणून. सगळ्यांचा घेता तसा माझा घ्या."

मामंजींना मनातून सुटल्यासारखंच झालं. बाकीचे मोटारवाले काही डोळे मिटून बसले नसते. तेव्हापासून दादा दर खेपेला पैसे देई, मामंजी किंवा नाक्यावरचा गडी पावती फाडून देई, आणि मी माजघराच्या खिडकीतून ते बघत बसे. ताटात भाकरी पडली की वाटायचं, हिच्यातला एक तुकडा दादाच्या खिशातला आहे. सासूबाई बिचाऱ्या साध्या. त्या कौतुकानं म्हणायच्या, "आज तुझ्या भावाच्या खेपा बऱ्या झाल्या हो!" तो कौतुकाचा शब्दसुद्धा मला टोचायचा.

त्यात आणखी एक होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि आबा त्या रीतीला घट्ट धरून. आबांसाठी म्हणून दादानंही ती धरली. मला अजून मूल नव्हतं. चैत्रातल्या उन्हात दादा घामानं निथळत नाक्यावर उभा असायचा, मी दाराआड भरलेला तांब्या घेऊन उभी असायचे, आणि तो घे म्हणायची सोय नाही. आई त्याच्या हातून मला लाडूंचा डबा धाडायची. डबा रिकामा परत करू नये ही एक रीत, लेकीच्या घरचं घेऊ नये ही दुसरी. आईनं त्यावर तोड काढली होती. डब्यात तुळशीची दोन पानं टाक अन् दे पाठवून, म्हणायची. म्हणजे माहेरी मी काय पाठवायची, तर तुळशीची पानं!

अशातच एका दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. आमच्या घराच्या मागून एक ओढा जायचा. दिंडोरीकडून येताना नाक्याच्या अलीकडे एक गाडवाट रस्ता सोडून त्या ओढ्यात उतरायची, आणि ओढ्यातून पलीकडे चढून नाक्याच्या पुढे पुन्हा रस्त्याला लागायची. जुनी वाट, नाका नव्हता तेव्हापासूनची. टोल चुकवायचा असला की काही गाडीवाले तिथून सटकत. तर त्या वाटेनं मला एक मोटार खाली उतरताना दिसली. दोरीनं बांधलेलं दार मी शंभर मोटारींत ओळखलं असतं. बाभळींच्या आड ती दिसेनाशी झाली.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. दादा टोल चुकवतोय? आमचा दादा?

दुसऱ्या दुपारी मुद्दाम तिथंच जाऊन उभी राहिले. पुन्हा तेच. त्याला चोर म्हणायला जीभ रेटेना. उलट वाटलं, बरोबरच आहे त्याचं. खेपेखेपेला आम्ही त्याला सोलतोय, तो तरी किती दिवस सोसणार? आणि लगेच दुसरं मन म्हणे, अगं, ज्या घरात दोन वेळा जेवतेस त्या घराचं नुकसान उघड्या डोळ्यांनी बघतेस? सकाळी मला दादाची लाज वाटे, दुपारी मामंजींची, आणि रात्री आडवी झाले की माझी स्वतःची. सरळ दादाला विचारावं, हे काही सुचलं नाही. सुचलं ते भलतंच.

दादाची दुपारची खेप यायची वेळ झाली की मी मामंजींना जेवायला बोलवायला लागले. ओसरीवर गडी बसायचा. मामंजी आत पानावर बसले की मी मागचं दार लोटून घ्यायची आणि उखळात मिरच्या घेऊन कुटायला बसायची. धाड, धाड, धाड! ओढ्यातल्या इंजिनाचा आवाज त्यांच्या कानी पडू नये म्हणून. वर भाकरीवर तूपही जास्त.

"सूनबाई," मामंजी एकदा म्हणाले, "चटणी कुटतेस की खडी फोडतेस?"

सासूबाई हसल्या. "माहेरी जायचं असेल तिला. तूप बघा ना किती वाढलंय आज."

मी मान खाली घालून कुटत राहिले. माहेरी जायचं नाव काढायची तरी हिंमत होती का मला? दादाच्या त्याच मोटारीत बसून जावं लागलं असतं.

मग एके दिवशी मामंजी ओढ्यावर चक्कर मारून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "त्या गाडवाटेला चाकांच्या खुणा आहेत. मोटारीच्या. कुणीतरी चुकवतंय. आता लिलाव तोंडावर आलाय, मी बोली कुठल्या हिशेबावर बोलू? उद्या माणसं लावून पलीकडच्या चढावर आडवा चर खणून टाकतो. जो कुणी असेल तो अडकेल आपोआप."

दादाची गाडी भरल्या माणसांनिशी चरात अडकलेली, भोवती गर्दी जमलेली, आणि आमचे मामंजी काठावर उभे, हे सगळं मला तिथल्या तिथं दिसलं. आबांच्या कानावर जाईल. विहीर गेली ती गेली, वर लेकाचं नाव गेलं म्हणतील. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी दादाची पहिली खेप नाक्यावर थांबली, तेव्हा मी आईचा रिकामा डबा घेऊन बाहेर गेले. मामंजी दुसऱ्या गाडीशी हुज्जत घालत होते. दादा पावती घेऊन गाडीकडे वळत होता.

"दादा," मी हळूच म्हटलं, "आजपासून ओढ्यात उतरू नकोस."

"का गं तायडे?"

"मामंजी चर खणतायत. सापडशील."

तो आधी हसला. मग त्याचं हसणं थांबलं. "सापडशील म्हंजे?"

आणि मी, शहाणी, त्याला धीर द्यायला गेले. "मी कुणाला काही बोलले नाही रे. मेले तरी बोलायची नाही."

दादा माझ्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातली पावती माझ्यापुढे धरली. "ही काय हाय?"

"पावती."

"दुपारची बी रोज घेतो. तुमच्या गड्याला इचार. वाटंतल्या चढानं इंजिन तापतं, म्हणून पाणी घालाया उतरतो ओढ्यात, अन् उतरलो तसाच माघारी वर येतो. आबांनी सांगितलंय, मोटार माझ्या पैशाची हाय, लेकीच्या घरच्या इहिरीचं पाणी तिच्यात घालायचं नाय." त्यानं पावती खिशात ठेवली. "तुला काय वाटलं?"

काय वाटलं ते त्याला कळलंच होतं. माझ्या हातातला डबा त्यानं घेतला, गाडीत बसला आणि भोंगा न वाजवता गेला. रोज दुपारी आत मी कुटत बसले होते, आणि बाहेर दादा माझ्याच दारात पैसे मोजत होता. माझ्याच धडधडाटात मला त्याची गाडी आल्याचं ऐकू आलं नाही. त्या उखळात डोकं घालून घ्यावंसं वाटलं, खरंच सांगते.

चर खणला गेला. त्यात दुसराच एक गाडीवाला अडकला, त्याचं काय व्हायचं ते झालं. चर पलीकडच्या चढावर होता, पाण्यापर्यंत उतरायला दादाला काहीच आडकाठी नव्हती. पण त्या दिवसापासून दादा ओढ्याकडे फिरकला नाही. दिंडोरीहून निघतानाच पाण्याचे डबे भरून घ्यायचा. आणि नाक्यावर पावती घेतली की गाडीबाहेर हात काढून ती उंच धरायचा, माजघराच्या खिडकीच्या दिशेनं. मी खिडकीत असो वा नसो. एकदा धरायचा आणि मग गाडी सोडायचा.

"किती जीव आहे गं भावाचा," सासूबाई म्हणायच्या, "पावतीसुद्धा बहिणीला दाखवून जातो!"

मी हूं म्हणायचे आणि चुलीपुढे जाऊन बसायचे. एकदा धीर करून त्याच्याजवळ गेले, म्हटलं, दादा, चुकलं रे माझं. तर तो म्हणाला, "अगं, मी कुठं काय म्हटलं?" अगदी सरळ चेहऱ्यानं. आता त्याच्यावर बोलायचं तरी काय? त्याला राग आला असता तर मी पाय धरले असते. तो रागावतही नव्हता आणि हात खालीही घेत नव्हता.

वैशाख लागला. ओढा आटून त्यात नुसती वाळू राहिली. एका दुपारी दादाची गाडी नाक्यावर आली ती धापा टाकतच. बॉनेटच्या फटींतून वाफा निघत होत्या. माणसं घाबरून धडाधड खाली उतरली. दादानं डबे बघितले, वाटेतच संपलेले. त्यानं बॉनेट उघडलं आणि फडकं हातात घेऊन नुसता उभा राहिला.

मामंजी ओसरीवरून ओरडले, "सूनबाई, विहिरीवरनं पाणी आण! घागर आण!"

मी धावलेच. घागर भरून आणली. दादा गाडीच्या तोंडापुढे आडवा झाला. "नको मामा. निवंल ती आपोआप."

"अरे निवेल कशानं, ह्या उन्हात? कोरडं इंजिन तापत राहिलं तर गाडी जाईल हातची!"

"जाऊ द्या. पर हे पाणी नको."

उतारू कालवा करायला लागले. एक म्हातारी नवऱ्याच्या अस्थींचं गाठोडं छातीशी धरून रस्त्यावरच बसली आणि म्हणाली, माझ्या धन्याला अजून गंगेवर पोचवायचंय रे बाबा, नखरे कसले करतोस? मामंजी खाली उतरून दादाजवळ आले. दादानं त्यांना खालच्या आवाजात आबांचं म्हणणं सांगितलं. मी घागर घेऊन तिथंच उभी. घागरीतून पाणी माझ्या पायांवर सांडत होतं, आणि मला वाटत होतं, ही गाडी गेली तर ती माझ्यामुळं गेली. ओढा आता कोरडा पडलाय हे कळत होतं, तरी ते मनातून जाईना. माझ्या एका वाक्यापायी त्यानं तो ओढा सोडला होता.

मामंजी आधी खो खो हसले. "मोटारीलासुद्धा लेकीच्या घरचं पाणी चालत नाही? धन्य आहे तुझ्या बापाची!" मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "बरं. फुकट घेऊ नकोस. विकत घे. ह्या नाक्यावर फुकट काही मिळत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. घागरीला एक पैसा. विकत घेतलेलं पाणी ते लेकीच्या घरचं नव्हे, दुकानातलं. जा, सांग तुझ्या आबांना, मक्तेदारानं सोडलं नाही म्हणून."

दादानं खिशात हात घातला. ज्या माणसाच्या दर खेपेच्या वसुलीपायी मी जीव जाळत होते, त्यानंच ती वसुली पुढे करून माझ्या भावाची गाडी वाचवली. मला हे कधी सुचलं नसतं. मी फक्त कुटत बसले होते.

इंजिन जरा निवू दिलं, नाहीतर गार पाण्यानं तडकतं म्हणे. मग दादानं फडक्यानं झाकण फिरवलं आणि मी घागरीमागून घागर आणून त्याच्या हातात दिली. मोटारीच्या तोंडात पाणी गटगट उतरत होतं. दादाचे ओठ मात्र फुटलेले, त्यांवर धूळ बसलेली. शेवटच्या घागरीत थोडं उरलं होतं. मी पेल्यात ओतलं आणि पेला त्याच्यापुढे धरला.

त्यानं पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आणखी एक पैसा काढून ओसरीच्या कडेवर ठेवला आणि पेला घेऊन एका दमात प्यायला. लग्न झाल्यापासून माझ्या हातचं पहिलं पाणी.

"अरे, पेल्याचे कसले पैसे?" मामंजी म्हणाले. "उचल तो पैसा."

"ऱ्हाऊ द्या मामा," दादा तोंड पुसत म्हणाला. "अन् पावती बी फाडा. नायतर आमच्या बहिणीला वाटायचं, चोरून प्यालो."

सगळे हसले. मामंजी तर पोट धरून हसले आणि गंमत म्हणून त्यांनी खरोखरच एक पावती फाडली. उतारू हसले, दारात उभ्या असलेल्या सासूबाई हसल्या. दादानं ती पावती घेतली. या वेळी ती उंच धरली नाही. माझ्या हातात रिकामा पेला होता, त्यात ती ठेवली, आणि हँडल मारायला गेला.

गाडी सुरू झाली. म्हातारीला दोघांनी धरून आत बसवलं. मामंजींनी बांबू वर केला. सगळे अजून हसतच होते, म्हणून मीही हसले.